मेच्या शेवटी कोची, सोबत आई-बाबा आणि लहान मुलगी: चार रात्री कशा लावाल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतेय. नाशिकहून निघायचंय, मेचा शेवटचा आठवडा, गुरुवारी पोचणार, सोमवारी परत, चार रात्री. आई-बाबा सत्तरीच्या आसपास, आईंचे गुडघे दुखतात, मुलगी आठ वर्षांची. आई-बाबा शाकाहारी, तुम्ही दोघं मासे खाता. एजंटने याच चार दिवसांत कोची, मुन्नार, अलेप्पीची हाउसबोट आणि आथिरापल्लीचा धबधबा असं सगळं बसवून दिलंय. आणि तुम्ही विचारताय की पाऊस लागेल का, हॉटेल एर्नाकुलमला घ्यायचं की फोर्ट कोचीला, आणि गाडी पूर्ण वेळ ठेवायची का.

मी पुण्यातून केरळच्या ट्रिप लावून देते, त्यातल्या बऱ्याचशा घरात ज्येष्ठ मंडळी असलेल्या. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न पाऊस नाहीये. खरा प्रश्न हा आहे की दिवसातले कुठले तास तुमचे आई-बाबा बाहेर काढू शकतील, आणि ते तास गाडीत जाणार की गावात. एजंटचा प्लॅन नकाशावर छान दिसतो. पण कोचीहून मुन्नार 130 किलोमीटर, घाटाचा रस्ता, चार तास तरी धरा, जेवणाला थांबलात की पाच, आणि तेवढंच परत यायचं. आथिरापल्ली साधारण 70 किलोमीटर, तिथे धबधब्याच्या खाली जायला उताराची पायवाट आहे आणि तोच चढ परत चढावा लागतो, म्हणजे आईंना वरूनच बघायला लागणार. हाउसबोट दुपारी बाराच्या सुमाराला सुटते आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला किनाऱ्याला बांधून ठेवतात कारण मग कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात, सकाळी नऊला उतरवतात. हे सगळं चार रात्रींत केलं तर कोचीत तुम्ही फक्त विमानतळ आणि एक घाईची संध्याकाळ बघाल. माझं स्पष्ट मत, या वेळी मुन्नार आणि धबधबा काढून टाका. चारही रात्री कोचीला द्या, कंटाळा येणार नाही, याची खात्री मी देते.

आता उन्हाबद्दल, कारण नाशिककरांना इथेच अंदाज चुकतो. तुम्ही म्हणाल आमच्याकडे चाळीस डिग्री असतं, कोचीला तर तेहतीस-चौतीस. आकडा कमी आहे पण हवेत दमटपणा एवढा की घाम वाळतच नाही, अंग थंड व्हायचं जे काम घाम करतो ते होतच नाही. मुंबईचे लोक याला सरावलेले असतात, नाशिक-नगर-संभाजीनगरकडची ज्येष्ठ मंडळी पहिल्या दिवशी अकरा वाजता चालता चालता एकदम गळून जातात, आणि त्यांना ते आधी कळतही नाही कारण ऊन तेवढं कडक वाटत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. सकाळी साडेसहा ते साडेदहा बाहेर, अकरा ते चार खोलीत नाहीतर एसीत, चारनंतर परत बाहेर. मेमध्ये तिथे सहाच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेसातपर्यंत उजेड असतो, म्हणजे दिवसातले छान सहा-सात तास हातात राहतात. बाबांना बीपीची गोळी असेल, विशेषतः लघवी जास्त होणारी, तर मीठ-पाण्याचं, ओआरएसचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाकीच्यांनी तिथलं ताक प्यावं, संभारम म्हणतात, आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता ठेचून घातलेलं, पातळ, मुलीसाठी मिरची कमी करून मागा.

पावसाचं काय, तर हे मात्र सगळं परिस्थितीवर आहे. केरळात मान्सून यायची सरासरी तारीख 1 जून. 2025 साली तो 24 मेलाच येऊन धडकला. म्हणजे तुमच्या आठवड्यात मान्सूनपूर्व गडगडाटी सरी नक्की धरा, त्या बहुतेक दुपारनंतर येतात, तास-दोन तास झोडपतात आणि मग हवा सुंदर होते. मान्सून आधीच आला असेल तर दिवसभर थांबून थांबून पाऊस. दोन्ही परिस्थितीत फिरता येतं. अडतं कधी, तर हवामान खात्याचा एर्नाकुलम जिल्ह्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की, कारण तेव्हा बोटी बंद ठेवायचे आदेश निघू शकतात, समुद्राजवळ जाऊ देत नाहीत, आणि एर्नाकुलमचा केएसआरटीसी म्हणजे सरकारी एसटीचा स्टँड आणि एम.जी. रोडचा भाग तुंबतो. म्हणून निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून जिल्ह्याचा अंदाज रोज बघत जा, महिनाभर आधी बघून काही उपयोग नाही. रेनकोट नेऊ नका, त्या दमट हवेत आत घामाने तितकंच भिजायला होतं, प्रत्येकी एक छत्री आणि मागे पट्टा असलेले सँडल न्या. चामड्याचे बूट घरीच ठेवा.

आता कुठे राहायचं. कोची म्हणजे पाण्याने तोडलेले तीन-चार तुकडे आहेत. एका बाजूला एर्नाकुलम, तिथे रेल्वे स्टेशन, मोठी हॉस्पिटलं, मॉल, लिफ्टवाली हॉटेलं, मेट्रो. दुसऱ्या बाजूला फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, जे बघायला तुम्ही जाताय. मधे विलिंग्डन बेट, जे बंदर खोल करताना काढलेल्या गाळाचा भराव टाकून केलेलं आहे. रस्त्याने एका बाजूहून दुसरीकडे जायला पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास सहज जातो, बोटीने वीस मिनिटं. तुम्हाला जर सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं असेल आणि दुपारी अकराला परत खोलीत येऊन आडवं व्हायचं असेल तर तुम्ही फोर्ट कोचीतच राहायला पाहिजे, एर्नाकुलमला राहिलात तर दुपारची विश्रांती कधीच होत नाही, एकदा बाहेर पडलं की लोक संध्याकाळीच परततात आणि मग आई-बाबा दुसऱ्या दिवशी नको म्हणतात. एर्नाकुलम मी तेव्हाच सुचवते जेव्हा कोणाला डायलिसिस वगैरे नियमित उपचार असतात किंवा पहाटेची ट्रेन पकडायची असते.

फोर्ट कोचीत हॉटेलांपेक्षा होमस्टे जास्त. चांगले आहेत, पण फोनवर चार गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. तळमजल्यावर खोली आहे का, जुन्या घरांचे लाकडी जिने फार उभे असतात. कमोड वेस्टर्न आहे का आणि बाथरूमला पायरी आहे का. लाइट गेली तर एसी नाही तरी निदान पंखा चालतो का, मेमधल्या वादळी सरीत लाइट जातेच. आणि एसीचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे. या चारांची नीट उत्तरं देणारा यजमान बाकी बाबतीतही बरा निघतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

गाडी पूर्ण वेळ ठेवू नका. विमानतळ नेडुंबश्शेरीला आहे, फोर्ट कोचीपासून चाळीसेक किलोमीटर, दीड तास, संध्याकाळच्या गर्दीत दोन. तिथून प्रीपेड टॅक्सी घ्या. परतीला टॅक्सी आणि मधे एक दिवस गाडी, बास. बाकी फोर्ट कोचीत ऑटो दारात मिळते आणि गाडी ठेवली की ड्रायव्हरला पार्किंग शोधत बसावं लागतं. नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते हे खरं, कोकणातून जाणारा रस्ताही सुंदर, पण एक दिवसाहून जास्त प्रवास आहे, गुडघ्यांचा विचार करता या वेळी मुंबईहून विमानच बरं, साधारण दोन तासांत पोचाल.

आता वार नीट बघा, कारण तुमच्या तारखांमध्ये खरी मेख तिथेच आहे. मट्टांचेरीचा डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. तिथून पाच मिनिटांवरचं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद आणि शुक्रवारी दुपारनंतरही भरवसा नाही. त्रिपुणितुराचं हिल पॅलेस सोमवारी बंद. आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना, तेव्हा पर्यटक म्हणून आत जाणं बरं दिसत नाही. म्हणजे पोचायचा गुरुवार आणि निघायचा सोमवार सोडला तर मट्टांचेरीसाठी तुमच्याकडे एकच वार उरतो, रविवार. एजंटने तो शुक्रवारी टाकलाय, तुम्ही बंद दरवाजा बघून परत आला असता. ज्यूंचे सण आले तर सिनेगॉग मधल्या वारीही बंद असतं, त्यामुळे यजमानाला आदल्या दिवशी विचारून घ्या.

मी असं लावेन. गुरुवारी पोचल्यावर काहीच नाही, फक्त संध्याकाळी समुद्राकडे चक्कर. फोर्ट कोचीचा किनारा पोहायचा नाही, पावसाळ्याच्या तोंडाला जलपर्णीचे गठ्ठे आणि कचरा वाहून येतो, तो फक्त फिरायचा आहे. मुलीला वाळूत खेळायचंच असेल तर वायपीन बेटावरचा चेराई बीच आहे, पण मेअखेरीस समुद्र खवळायला लागतो, पाण्यात घोट्याच्या वर जाऊ देऊ नका.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला चिनी जाळी. संध्याकाळी सगळे सूर्यास्तासाठी जातात, गर्दीत काही दिसत नाही. सकाळी जवळून बघा, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठमोठे दगड, आणि चार-सहा माणसं दोर ओढतात तसा अख्खा सांगाडा झुलत वर येतो, दगड एकेक करून फळीवर टेकतात. मुलीला दोर ओढायला बोलावतील, ओढू दे, त्याचे थोडे पैसे अपेक्षित असतात, ते आधीच विचारून घ्या. बाजूला मासे विकायला बसतात आणि शिजवून देणारी दुकानं आहेत. मासा तुमच्यासमोर वजन करून घ्या आणि किलोचा भाव वेगळा, शिजवायचे वेगळे, हे दोन्ही आधी बोला. केरळात ट्रॉलिंगबंदी, म्हणजे यांत्रिक बोटींनी मोठं जाळं ओढून मासे धरायला बंदी, 9 जूनच्या मध्यरात्रीपासून असते, तुम्ही त्याच्या आधी जाताय, समुद्राचे मासे मिळतील. करिमीन तर बॅकवॉटरचा मासा, केळीच्या पानात भाजलेला मागा.

तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. मूळ चर्च पोर्तुगिजांनी 1503 मध्ये बांधलेलं. वास्को द गामा 1524 च्या डिसेंबरात कोचीतच वारला आणि आधी इथेच पुरला होता, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, दगड अजून जागेवर आहे. वर छताला कापडी पंखे लटकतात, दोरीने बाहेरून ओढायचे, मुलीला ते दाखवा. मग नाश्ता करून साडेदहाला खोलीत.

दुपारी चारनंतर वॉटर मेट्रो, म्हणजे मेट्रोसारखी चालणारी बोटसेवा. ही एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली आणि फोर्ट कोचीपर्यंत 2024 पासून येते. आईंसाठी मी हीच सुचवते कारण धक्का तरंगता आहे, भरती-ओहोटी काही असो तो बोटीच्या पातळीतच राहतो, पाय उचलून चढायला लागत नाही, आत एसी. सरकारी साधी बोट फार स्वस्त आणि मजेशीर, पण चढताना पायरी आणि हलती बोट, ती तुम्ही मुलीला घेऊन करा. शनिवार-रविवारी संध्याकाळी वॉटर मेट्रोला लांब रांगा लागतात म्हणून शुक्रवार. हायकोर्ट जेट्टीला उतरून मरीन ड्राइव्हला बसा, परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून घ्या. बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा, या बोटी बांधल्या त्या कोचीन शिपयार्डने, आणि आयएनएस विक्रांतही त्यांनीच बांधली. 2 सप्टेंबर 2022 ला तिथेच विक्रांत नौदलात दाखल झाली आणि त्याच कार्यक्रमात शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेल्या अष्टकोनाचा नौदलाचा नवा ध्वज फडकला. आमच्याबरोबर येणाऱ्या काकांच्या चेहऱ्यावर हे ऐकून जो आनंद दिसतो त्यासाठी मी ही फेरी कधीच गाळत नाही.

शनिवारी गाडी घ्या आणि बॅकवॉटर. अलेप्पीचं नाव मोठं आहे, पण पन्नासेक किलोमीटर जाऊन गर्दीत शिकारा घेण्यापेक्षा तुमच्या मंडळींसाठी कुंबळंगी बरं, फोर्ट कोचीपासून अगदी जवळचं गाव. सकाळी लवकर वल्ह्याच्या बोटीतून खाडीत फिरवतात, काथ्या कसा वळतात ते दाखवतात, नारळ, खेकडे, छोटी जाळी, आणि जेवून अकरा-साडेअकराला परत. बोटीत बसायला आईंना खुर्ची लागेल हे बुकिंगलाच सांगून ठेवा. मार्च ते मेमध्ये तिथल्या खाऱ्या पाण्यात रात्री हात घातला की निळसर चमक दिसते, कवरू म्हणतात, पण दोन-चार मोठे पाऊस झाले की पाणी गोडं होतं आणि चमक जाते. तुमच्या आठवड्यात असेल-नसेल, तिथे गेल्यावर विचारा, त्याच्या आशेवर प्लॅन बांधू नका. अलेप्पी हवंच असेल तर हाउसबोटवर रात्र न काढता सकाळची तीन तासांची फेरी घ्या.

रविवारी मट्टांचेरी. पॅलेस दहाला उघडतो, म्हणजे माझा साडेदहाचा नियम मोडतो, पण हे सगळं छपराखाली आहे आणि ऑटो दारापर्यंत जाते. त्याआधी आठला चेर्लाईचं तिरुमला देवस्वम बघा. हे गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांचं मंदिर, आजूबाजूच्या गल्ल्यांत आजही घराघरात कोंकणी बोलतात, तुमचे आई-बाबा थांबून ऐकतील. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी सतराव्या शतकात डचांना मलबारच्या वनस्पतींची माहिती दिली, त्यातून हॉर्टुस मलबारिकुस हा बारा खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमला छापला गेला, पहिला खंड 1678 चा, आणि त्यात या तिघांचं देवनागरीतलं कोंकणी निवेदन आहे. केरळच्या मंदिरांत पुरुषांना बहुतेक ठिकाणी शर्ट काढून मुंडू नेसून जावं लागतं, बाबांसाठी घरूनच एक पांढरी लुंगी न्या.

मग पॅलेस. बाहेरून साधा वाटतो, लोक पाच मिनिटांत बाहेर येतात, तसं करू नका. राजाच्या शयनगृहाच्या भिंतीभर रामायण रंगवलंय, प्रकाश अंधुक असतो, डोळ्यांना सरावायला दोन मिनिटं द्या म्हणजे मग एकेक प्रसंग ओळखू यायला लागतो, आजीने नातीला गोष्ट सांगायला याहून चांगली भिंत नाही. जिना आहे, हळू चढा, आत फोटो काढायला बंदी आहे. त्यानंतर सिनेगॉग, 1568 चं, दुपारी मधे बंद होतं म्हणून बारापर्यंत पोचाच. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या, दोन सारख्या शोधायला मुलीला सांगा. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांना धर्माचं शिकवायला एकेकाळी कोचीचे ज्यू जात असत, हे बाबांना सांगायला हरकत नाही.

रविवारी संध्याकाळी कथकली. खेळ सहाचा असेल तर पाचलाच जा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर करतात. हिरवा चेहरा, गालाच्या कडेने चिकटवलेली पांढरी कड, आणि डोळे लाल दिसावेत म्हणून चुंडा नावाच्या झाडाचं बारीक बी पापणीखाली ठेवतात. मुलं प्रयोगापेक्षा हे जास्त टक लावून बघतात. धो धो पावसातही हे करता येतं, म्हणून शुक्रवार-शनिवारी पावसाने बोट गेली तर कथकली तिकडे सरकवा आणि बोट रविवारी. मट्टांचेरी मात्र रविवारातून हलवू नका.

शाकाहाराची काळजी नको. सकाळी अप्पम आणि भाज्यांचा स्टू, इडिअप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, पुट्टू-कडला म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, दुपारी केळीच्या पानावरचं मील्स. तांदूळ जाडा लालसर असतो, आईंना पचायला जड वाटला तर व्हाइट राइस मागा, असतो. मट्टांचेरीत गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, त्यांच्या रस्त्यावर शुद्ध शाकाहारी जेवण आणि फरसाण मिळतं. आणि हॉटेलात टेबलावर गुलाबी कोमट पाणी आलं तर परत पाठवू नका, पतिमुगमच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं असतं. बरेच लोक ते खराब पाणी समजून बाटलीबंद पाणी मागवतात.

शेवटचं, खोली बुक करायच्या आधी सोमवारच्या विमानाची वेळ मला सांगा. दुपारनंतरचं असेल तर चारही रात्री एकाच खोलीत, सामान हलवायलाच नको. सकाळी दहाच्या आधीचं असेल तर रविवारची रात्र आलुवाला विमानतळाजवळ काढा, पहाटे चारला आई-बाबांना उठवून दीड तास टॅक्सीत बसवण्यापेक्षा ते बरं, आणि मग कथकली शनिवारी संध्याकाळी घ्यावी लागेल, त्याचं बुकिंग त्या हिशोबाने करा.